सात पट्ट्या

टूथपेस्टचं रिकामं खोकं मला तसंच टाकवत नाही. गोंदाची कड नखाने हळूच सोडवायची, पुठ्ठ्याचा पापुद्रा न निघता सुटली तर दुपार सार्थकी. मग सगळं टेबलावर सपाट पसरायचं. आतली करडी बाजू, कुठल्याशा कानावर छापखान्याने सोडलेले रंगांचे चौकोन, जे गिऱ्हाइकाला कधी दिसायचेच नसतात. घरातले आता बोलायचे बंद झालेत.

शाळेत घनाची घडणी, म्हणजे घन उलगडून सपाट पसरल्यावर दिसणारा आकार, म्हटलं की पुस्तकात एकच आकृती: चार चौकोनांची रांग आणि दोन्ही बाजूंना एकेक कान. प्रत्यक्षात सहा चौकोन कडेला कड लावून 35 तऱ्हांनी जोडता येतात आणि त्यातल्या 11 तऱ्हांचा घन होतो. हे कुणी सांगितलंच नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत मात्र उलगडलेला फासा हमखास यायचा. सरळ रांगेत एक घर सोडून पुढचं ते समोरचं, हे पाठ. खऱ्या फाशावर समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज 7 होते, परीक्षेतल्या फाशाला असलं काही बंधन नव्हतं. त्याच्यावर फुलंसुद्धा असायची.

एकदा बाईंनी जुन्या लग्नपत्रिकेतून घन करून आणायला सांगितलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पुस्तकातली आकृती तंतोतंत कापली आणि घडी घातल्यावर एकमेकांकडे बघत बसली. चिकटवायचं कुठे? पुस्तकातल्या घडणीला गोंद लावायच्या पट्ट्याच नव्हत्या. घनाला 12 कडा. सहा चौकोन एकसंध राहायला 5 घड्या लागतात. उरलेल्या 7 कडांना गोंद हवा, म्हणजे सात पट्ट्या. अकरांपैकी कुठलीही घडणी घ्या, सातच. भूमितीत पट्टीला जागा नाही आणि पट्टीवाचून खोकं नाही.

घनाकृती उलगडून कागदावर मांडायची हौस जुनी आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार ड्यूरर याने 1525 साली अशा घडण्या छापल्या. कुठेही खाच नसलेली, सपाट बाजूंची कुठलीही घनाकृती योग्य त्या कडा निवडून कापली, तर तुकडे एकमेकांवर न चढता ती अखंड पसरेलच का, हा प्रश्न गणितज्ञ शेफर्ड यांनी 1975 मध्ये मांडला. तो अजून सुटलेला नाही. सुटेल तेव्हा सुटेल.

मिठाईच्या डब्याच्या वाटेला मात्र मी जात नाही. त्याला गोंदच नसतो, नुसत्या खाचेत खोचलेल्या जिभा. हात लावला की आपणहून उघडतो. त्यात कसली मजा?