कंबरेला कळू न देता

"उंची वाढली की काय तुमची?" गेल्या वर्षभरात हे इतक्या जणांनी विचारलं, की शेवटी भिंतीला टेकून, डोक्यावर पुस्तक धरून मोजून पाहिली. होती तेवढीच आहे. पिलाटेस, म्हणजे शरीराचा मधला भाग सांभाळत सावकाश हातपाय हलवायची एक व्यायामपद्धत, ती करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: त्याने पोक खरंच जातं का, आणि कंबर धरायची थांबते का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

"ताठ बस" हे ऐकतच आपण सगळे वाढलो. ऐकलं की छाती पुढे काढायची, खांदे मागे ओढायचे आणि दोन मिनिटांनी परत जैसे थे. मीही तेच करत आले. त्यात माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे मान एकतर कागदात नाहीतर पडद्यात. मग एके दिवशी जमिनीवरचा मोजा उचलायला वाकले आणि उसण भरली. मोजा! धान्याचं पोतं उचलताना भरली असती तर निदान चारचौघांत सांगायला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, आणि दुखणं ओसरल्यावर व्यायामाला लागा असं बजावलं. म्हणून वर्गात गेले.

पहिल्या दिवशी घाम गाळायच्या तयारीने गेलेल्या मला उताणं झोपवलं. गुडघे वाकवलेले, पावलं जमिनीवर, आणि तळहात कंबरेच्या पुढच्या दोन हाडांवर. बाई म्हणाल्या, "आता एक पाय अलगद उचला. पण कंबरेला कळू देऊ नका." मनात म्हटलं, एवढंच? पाय जमिनीवरून सुटतो न सुटतो तोच हाताखालचं एक हाड कललं, पाठीची कमान झाली, आणि श्वास मी कधी रोखून धरला ते माझं मलाच कळलं नाही. स्वतःच्या एका पायाच्या वजनाने माझी अख्खी कंबर डळमळत होती. मोज्याने केलेला अपमान मला तिथे थोडासा समजला.

पोटाच्या अगदी आतल्या थरात एक आडवा स्नायू असतो, कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना चिकटून असलेले छोटे स्नायू. हातपाय हलताना या सगळ्यांनी मिळून मधला भाग सांभाळायचा असतो. "पोट आत घ्या" म्हणजे श्वास कोंडून पोट खपाटीला न्या असं नव्हे, हे कळायला मला दोन महिने लागले. श्वास सोडताना ते जेमतेम आवळायचं, बस्स.

हा प्रकार ज्यांच्या नावाने चालतो ते जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केलं, आणि त्या छावणीत ते इतर कैद्यांकडून व्यायाम करवून घेत. स्वतःच्या पद्धतीला ते 'काँट्रॉलॉजी' म्हणत. ताकदीआधी ताबा, हे त्या नावातच आलं. मात्र पाठ जमिनीला सपाट टेकली पाहिजे हा त्यांचा आग्रह आजचे बरेच शिक्षक धरत नाहीत; कंबरेची नैसर्गिक कमान राहू देतात. मला हेच पटतं. गुरूचं सगळंच उचलायचं नसतं.

इजा टळते का? पाठीच्या जुनाट दुखण्याबद्दलच्या चाचण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेस बरं, पण इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा नाही, असं त्यातून निघालं. तेव्हा तुम्हाला पोहणं आवडत असेल तर खुशाल पोहा. आणि पिलाटेसनेही दुखापत होतेच. 'हंड्रेड' नावाच्या व्यायामात डोकं आणि पाय उचलून शंभर ठोक्यांपर्यंत हात हलवायचे असतात. वर्गात बाई मला डोकं खाली ठेवायला लावत. घरी व्हिडिओ लावून मी शहाणपणाने ते उचललं आणि चार दिवस मान वळेना. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी तर पाठ गोल करून वाकायचे, लोळायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

आता पोक. ते गेलेलं नाही. कामाच्या तंद्रीत अजूनही येतं. फरक इतकाच, की पूर्वी कोणीतरी ओरडल्यावर कळायचं, आता फासळ्या पोटावर टेकल्या की श्वास अपुरा पडतो आणि आपोआप वर यावंसं वाटतं. खांदे ओढावे लागत नाहीत. बहुधा यालाच लोक उंची म्हणत असावेत.

सध्या 'रोल अप' चाललंय. उताणं झोपून एकेक मणका सोडवत उठून बसायचं, आणि तसंच एकेक टेकवत परत आडवं व्हायचं. बाकीचे मणके शहाण्यासारखे रांगेने जातात. कंबरेतले तीन मात्र अजून गठ्ठ्यानेच येतात, धप्पकन. बाई शेजारच्या चटईवरूनसुद्धा तो आवाज ओळखतात.