अमेरिकेत राहिली ती माझी दाढ

टर्बोचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, रोटर (फिरणारा भाग) गेला आणि आमचं जहाज अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर एका बंदरात धक्क्याला लागलं. नवा रोटर युरोपातून यायचा होता. इंजिन उघडून ठेवायला बंदराची परवानगी, वेल्डिंगला वेगळी. ती कामं एजंटाने पटापट उरकली. अडकलो तो मी.

मी थर्ड इंजिनीअर, गुहागरकडचा. खलाशांना लागणारा अमेरिकेचा सी-वन/डी व्हिसा होता माझ्याकडे, पण जहाजावर चढल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याची मुदत संपली. चढताना ब्राझील–चीन फेरी ठरलेली, म्हणून मॅनिंग ऑफिसातला, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कचेरीतला, माणूस ‘‘चालून जाईल’’ म्हणाला आणि मीही मान डोलावली. पुढे माल बदलला, मार्ग बदलला.

इमिग्रेशनवाले मेसमध्ये बसले. एकेकाचा चेहरा आणि पासपोर्ट ताडून किनाऱ्यावर उतरायचा पास देत होते. माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत बायोमेट्रिक ओळखपत्र पुढे केलं. खलाशांच्या ओळखपत्राचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १८५ क्रमांकाचा करार भारताने २०१५ मध्ये मंजूर केला, त्यातून निघालेलं हे चिपवालं कार्ड. अमेरिकेने तो करार स्वीकारलेला नाही. अधिकाऱ्याने कार्ड उलटसुलट केलं, ‘‘छान आहे’’ म्हणाला आणि परत दिलं. माझ्या नावापुढे शेरा पडला: जहाजावरच ठेवावे.

तेवढ्यावर भागलं नाही. गँगवेच्या, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायच्या शिडीच्या, तळाशी पहारेकरी बसला, घडीची खुर्ची टाकून, खर्च कंपनीचा. रोटरची पेटी धक्क्यावर उतरली. तिच्यावरचे नंबर जुळवायचं काम माझं, पेटी जेमतेम वीस पावलांवर. ‘‘नो सर.’’ शेवटी मोटरमन (इंजिनरूममधला आमचा खलाशी) पेटीशी उकिडवा बसून आकडे ओरडायचा आणि मी शेवटच्या पायरीवर उभा राहून वहीत टिपायचो. एक आठ होता की तीन, यावर आमचं भांडण झालं, तेव्हा पहारेकरीच उठला, टॉर्च मारून बघून आला आणि म्हणाला, ‘‘आठ.’’

पासवाल्यांचीही चैन नव्हती म्हणा. टर्मिनलमधून एकट्याने चालत गेटापर्यंत जाता येत नाही, सोबत परवानाधारक माणूस लागतो. खलाशांसाठी चर्चवाले चालवतात त्या केंद्राची व्हॅन येते ती धरायची. तिचा फोन नंबर पहिल्याच दिवशी घ्या. मला त्या व्हॅनवाल्या फादरनी सिमकार्ड वर पाठवलं. आणि तो पास जास्तीत जास्त २९ दिवसांचा असतो. आमचं काम ३६ दिवस चाललं. तिसाव्या दिवशी सगळेच माझ्यासारखे रेलिंगला टेकून उभे! खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं.

त्याची शिक्षा म्हणून की काय, एकतिसाव्या रात्री दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. लवंग, मिठाचं पाणी, पेनकिलर, सगळं झालं. दंतवैद्य चार मैलांवर, पण मला न्यायला वैद्यकीय सवलतीचा वेगळा कागद लागणार. कॅप्टनने एजंटाला मेल केला, एजंट म्हणाला, ‘तातडीचं आहे असं लिहा.’ आम्ही लिहिलं होतं ‘दात दुखतो’. इथे दोन दिवस गेले. तुमच्यावर वेळ आली तर सूज, ताप किती, गिळता येतं की नाही, सगळं पहिल्याच मेलमध्ये घाला, सोबत फोटोही. आमचा फोटो गेल्यावर दुपारी कागद आला.

दोन पहारेकरी, मधे मी. दाढ काढली, कापूस चावत परत. खिडकीतून एक पेट्रोल पंप आणि गवत कापणारा एक म्हातारा पाहिला.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते व्हिसाचं. तुमचीही मुदत कंत्राटाच्या मधे संपत असेल तर आधीच नवा काढून घ्या, फेरी कुठलीही असो. फॉर्ममध्ये प्रश्न होता, पूर्वी अमेरिकेत गेला होतात का. बराच वेळ पाहत बसलो. मग ‘हो’ केलं. मुक्कामाच्या यादीत ‘२४ तासांपेक्षा कमी’ असा पर्याय होता, तो निवडला.