एक कप मैदा म्हणजे नेमके किती ग्रॅम?

एकाच डब्यातील मैदा, एकाच कपाने, मी एकदा तीन प्रकारे भरून वजनकाट्यावर ठेवला. चमच्याने हलकेच भरून वरचा थर सुरीने सपाट केला तेव्हा तो १२२ ग्रॅम भरला, कप थेट डब्यात खुपसून काढला तेव्हा १४६, आणि भरताना ओट्यावर चारदोनदा आपटला तेव्हा १६० च्याही पुढे गेला. तेव्हापासून ‘एक कप मैदा बरोबर १२५ ग्रॅम’ असे ठामपणे सांगणाऱ्या तक्त्यांवरचा माझा विश्वास बराच कमी झाला आहे. ते तक्ते खोटे नसतात. मात्र तो कप कसा भरला होता, हे ते बहुधा सांगत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण १ मिलिलिटर पाणी जवळजवळ १ ग्रॅम भरते. तेल त्याहून हलके असते, म्हणजे १०० मिलिलिटर तेल सुमारे ९२ ग्रॅम, तर तेवढाच मध सुमारे १४० ग्रॅम भरतो. द्रवपदार्थांची घनता माहीत असली की मिलिलिटरला तिने गुणावे आणि ग्रॅम मिळवावेत, इतके ते सोपे आहे. कोरड्या जिन्नसांमध्ये मात्र आपण कणांबरोबर त्यांच्यामधली हवाही मोजत असतो. दाणेदार साखर फारशी दबत नसल्यामुळे ती कपामागे २०० ग्रॅमच्या आसपास राहते, पण तीच दळून पिठीसाखर केली की कपात जेमतेम १२० ग्रॅम मावते. मिठाचेही तसेच आहे: बारीक मिठाचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅमचा असतो, तर पातळ पापुद्र्यांच्या मिठाचा त्याच्या निम्म्याच्या आसपास भरू शकतो, आणि इथे चुकले तर पदार्थ सरळ खारट होतो.

त्यात कप म्हणजे किती, यावरही एकमत नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० चा आणि जपानमधील २०० चा असतो. ऑस्ट्रेलियात मोठा चमचासुद्धा १५ ऐवजी २० मिलिलिटरचा धरतात. औंसाने तर मला सर्वांत जास्त छळले आहे, कारण वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो आणि द्रवाचा औंस हे आकारमानाचे माप आहे, तरी पाककृतींत दोन्हींना नुसते ‘औंस’ म्हटलेले आढळते.

म्हणून पाककृती ग्रॅममध्ये असेल तर मी तिचे कपात रूपांतर करत नाही. ती कपात असेल तर ती कोणत्या देशातली आहे आणि कप कसा भरायला सांगितला आहे हे आधी पाहतो, आणि माझ्याच कपाने, माझ्याच मैद्याने काढलेला आकडा वापरतो.

यीस्ट किंवा बेकिंग सोड्यासारख्या दोनतीन ग्रॅमच्या जिन्नसांसाठी मात्र काटा बाजूला ठेवून चमचाच घेतलेला बरा. घरगुती काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो, त्यामुळे २ ग्रॅम मोजताना पाव भागाची चूक सहज होते. त्या चमच्याचे वजन हवेच असेल, तर दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागावे.