बंपरवरचा 'जे'

रेडियमचा नंबर गाडीला चालतो का, हे विचारायला लोक आरटीओत जात नाहीत, माझ्याकडे येतात. बडोद्यात दांडिया बाजारात माझं रेडियम कटिंगचं दुकान आहे, म्हणजे 'चालतो' म्हणण्यात माझाच फायदा. तरी विश्वासाने विचारतात. आणि 'नाही चालत' म्हटलं की तितक्याच विश्वासाने पुढच्या दुकानात जातात.

वडील ब्रशने पाट्या रंगवायचे. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं असायची तेव्हापासूनचं त्यांचं काम. मी प्लॉटर, म्हणजे अक्षरं कापणारं मशीन, आणलं तेव्हा ते रुसले, म्हणून त्यांच्या हातची सगळी अक्षरं आणि आकडे स्कॅन करून मी कॉम्प्युटरवर काढून घेतले. त्यांचा 'जे' जरा वेगळा. वर डावीकडे आडवी दांडी, आणि ती दांडी टोकाला किंचित खाली वाकलेली. गुजरातच्या प्रत्येक नंबरात 'जे' येतोच, त्यामुळे शहरात तो बरीच वर्षं फिरला. मग हाय सिक्युरिटी पाट्या आल्या. नियमात त्या 2001 पासूनच होत्या. 1 एप्रिल 2019 पासून नवी गाडी पाटी लावूनच मिळू लागली आणि आमचा नंबरांचा धंदा बसला. आता रिक्षांवर 'मेलडी मा' या देवीचं नाव, घरांच्या नेमप्लेटी आणि भाद्रपदात गणपती मंडळांचं काम, यावर दुकान चालतं.

नियम पाठ आहे, कारण त्यानेच पोटावर पाय दिला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 50. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, मोटारीला 500 बाय 120, आकडे ठोकून उठवलेले, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवला की तोडल्याशिवाय न निघणारा लॉक. त्याच्या पुढच्या नियम 51 मध्ये अक्षरांची उंची 65 मिलिमीटर, जाडी 10, मधली जागा 10. यात चिकटवलेला नंबर कुठेच बसत नाही. तेव्हा उत्तर सोपं आहे: नाही चालत.

पण लोक म्हणतात तसं 'स्टिकर म्हणजे बेकायदा' असंही नाही. पुढच्या काचेवर आतून जी तिसरी पाटी असते, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळी, डिझेलला नारिंगी, ती स्टिकरच आहे, आणि ती कायद्यानेच लावायला सांगितली आहे. ट्रक-टेम्पोच्या दोन्ही बाजूंना नंबर असावा लागतो. तो मी आजही रेडियमने लावतो आणि कुणी हरकत घेत नाही. तोच रोल, तोच गोंद, तोच माणूस. दारावर चालतो, बंपरवर चालत नाही. मग अडतं कशावर?

हे मला उत्तरायणाच्या सुमारास एका पटेलकाकांनी कळवलं, त्यांच्याही नकळत. इंग्लंडातल्या लेस्टरहून आलेले. भाच्याने गाडीचा पुढचा बंपर बदलून घेतला होता, त्याला पाटी बसवायला सपाट जागाच नव्हती. त्यांना बंपरवर थेट नंबर चिकटवून हवा होता. "आमच्याकडे जॅग्वारच्या जुन्या ई-टाइपला बोनेटवर नंबर चिकटवलेलाच असतो," म्हणाले. मी नाही म्हटलं, तर मोबाइल काढून स्वतःच्या तिकडच्या गाडीचा फोटो दाखवू लागले. पाटी चिकटपट्टीवरच होती, खरं आहे. पण मी फोटो मोठा केला तर आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत पाटी बनवणाऱ्या दुकानाचं नाव आणि पोस्टकोड. तिथे तो छापावाच लागतो. इंग्रजाने गोंद चालवून घेतला, पण पाटी कुणी केली ते विचारून ठेवलं. आपल्याकडे तेच काम लेझरचा क्रमांक करतो: ही पाटी या गाडीची, दुसऱ्या कुणाची नाही. रेडियमच्या नंबराला आईबाप नसतात, अडचण तिथे आहे. मी हे समजावून सांगितलं; त्यांनी "बराबर, बराबर" म्हणून मान डोलावली आणि दोघे निघून गेले.

पाऊस संपता संपता, मंडळांच्या बॅनरांची घाई चाललेली असताना, बँकेतून निवृत्त झालेले एक काका ई-मेमोचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटोवरून येणाऱ्या दंडाचा, कागद घेऊन दुकानात आले. सिग्नल तोडल्याचा मेमो, फतेगंजच्या बाजूचा. काका स्कूटरसुद्धा पिवळ्या दिव्याला थांबवणारे.

"मी तिकडे गेलेलोच नाही. आणि ही गाडी माझी नाही. पण नंबर माझा आहे. हे रेडियम तुझं का रे?"

कागदावर काही दिसत नव्हतं, म्हणून मी फोटो साइटवरून उघडला. पांढरी गाडी, काकांचीही पांढरीच. पण ही वेगळ्या कंपनीची! आर.सी.वर कंपनीचं नाव असतं, मेमो काढणाऱ्याने एकदा डोळे वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं. कॅमेरा चुकतो ते समजू शकतं. पगार घेणारा माणूस फोटो न बघता 'ओके' करतो, हे नाही समजत.

मग नंबर पाहिला. काकांच्या नंबराचा शेवटचा आकडा 3. फोटोतही 3, पण त्याच्या डाव्या अंगाला उगीचच मोकळी जागा; आकडा ओळीतून उजवीकडे सरकल्यासारखा. तो 3 नव्हताच, डावा अर्धा गेलेला 8 होता. रिफ्लेक्टिव्ह शीट ताठ असते, ताणली जात नाही. बंपरच्या खोबणीवरून ती तशीच ओढून लावली की खोबणीत बसत नाही, वर तंबू राहतो. हीट गनने दाबून घेतली तरी उन्हात परत उठते. खोबणीच्या जागी ती आधी कापून, दोन तुकड्यांत लावायला हवी. पण तेवढा वेळ कोण देतो? मग वॉशिंगवाल्याच्या प्रेशरच्या पाण्याने आधी वरचं, आकड्याचं काळं सुटतं. रात्रीच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही. इन्फ्रारेड उजेड कुठून परत आला आणि कुठून नाही, एवढंच तो बघतो. काळं गेलं, खालचं पांढरं चमकलं, आणि 8 चा 3 झाला.

हे सगळं मी काकांना उत्साहाने सांगत होतो, तेवढ्यात माझी नजर डावीकडे गेली. 'जे'वर आडवी दांडी होती. टोकाला वाकलेली.

काकांनी तो ओळखला नाही, जरी वडिलांनी त्यांच्या जुन्या स्कूटरची पाटी रंगवली होती. मी म्हटलं, "काका, काम माझं नाही." खरंच नव्हतं. पण ती फाइल माझ्याशिवाय एकाकडेच आहे. आमच्याकडे शिकून तयार झालेला मुलगा, आता मांजलपूरकडे त्याचं स्वतःचं दुकान आहे. जाताना पेनड्राइव्हमध्ये काय काय नेलं ते मला माहीत होतं. वडील तेव्हा होते, म्हणाले, नेऊ दे.

काकांना अर्जाबरोबर काय काय जोडायचं ते लिहून दिलं: आर.सी., पुढून-मागून स्वतःच्या गाडीचे फोटो, दोन्ही पाट्यांचे लेझर क्रमांक नीट दिसतील असे, आणि आकड्यांमधली मोकळी जागा दाखवणारा मेमोतल्या फोटोचा मोठा प्रिंट. गाडी कुणाची असेल याचा मला अंदाज होता. तो बंपर मी पाहिलेला होता. काकांनी सरळ विचारलं, "कुणाची आहे माहीत असेल तर सांग." मी म्हटलं, पोलिसांनी विचारलं तर सांगेन.

पोलिसांनी विचारलंच नाही. दोन-तीन खेपांनंतर मेमो रद्द झाला. कुठली तरी खूण केली, काम संपलं. सिग्नल तोडणाऱ्या गाडीचा खरा नंबर काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि मीही पुढे होऊन सांगितलं नाही. काकांना ते अजून खटकतं. देवळात भेटले की विषय काढतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

त्या मुलाकडे मात्र गेलो. दुकान माझ्यापेक्षा मोठं, दोन प्लॉटर, एसी. पटेलकाकांच्या भाच्याची ओरिजिनल पाटी डिकीत पडून आहे हे त्याला ठाऊक होतं. "दादा, मी लिहून घेतो ना गिऱ्हाइकाकडून, फक्त शोसाठी म्हणून." मी विचारलं, त्या कागदाने काकांचा मेमो भरला असता का? मोटार वाहन कायद्याच्या 177 कलमाचा दंड गाडीवाल्याला, पहिल्या वेळी 500 पर्यंत, नंतर 1500 पर्यंत. कापणाऱ्याला काय होतं? तो हसला. ते त्यालाही माहीत होतं.

फोटो दाखवला तेव्हा तो गंभीर झाला. नंबर चुकल्याने नाही, 'जे' बघून. मला वाटलं, आता वडिलांचं काहीतरी बोलेल. त्याने माझ्यासमोरच फाइल उघडली, दांडी सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. "झालं, दादा. आता कुणाला कळणार नाही कुठे कापलाय."

नंबर तो अजून कापतो. पुढच्या वेळी असा फोटो माझ्यासमोर आला, तर तो कुणाचा हे मलाही सांगता येणार नाही.