आमची वाटचाल : गुजरीजवळचं घड्याळाचं दुकान आणि एका डायलवरची चीर

आबांनी दुकान टाकलं १९६८ साली, कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं गुजरीकडं वळलं की लगेच. दुकान म्हणजे सहा फुटांची फळी, एक टेबल लॅम्प आणि काचेचं कपाट. तेव्हा सगळी घड्याळं चावीचीच, वेस्ट एंड, फेवर लुबा, मग एचएमटी. पुढं सेलवर चालणारं क्वार्ट्झ आलं, सेल आणि पट्टे बदलण्यात वीसेक वर्षं गेली, दुकान चाललं, पोरं शिकली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते २००९ सालाबद्दल, कारण त्या साली गावात आमच्याबद्दल जे बोललं गेलं, की आम्ही गिऱ्हाइकाच्या भारी घड्याळाचं इनॅमलचं डायल फोडलं, ते खोटं होतं, आणि ते कुणी अजून नीट खोडून काढलेलं नाही.

आधी इनॅमलबद्दल सांगतो, त्याशिवाय भांडण कळायचं नाही. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या पांढऱ्याशुभ्र डायलला लोक चिनी मातीचं डायल म्हणतात. चिनी माती नव्हे ती, ती काच आहे. तांब्याची पातळ चकती, तिच्यावर काचेची बारीक पूड चाळायची आणि ८०० अंशाच्या वर भट्टीत घालायची, पूड वितळून तुकतुकीत होते. मग परत थर, परत भट्टी, असं पाच-सहा वेळा. चकतीच्या मागच्या बाजूलाही थर द्यावा लागतो, नाहीतर थंड होताना ती वाकते. आकडेसुद्धा इनॅमलनंच छापून परत भाजायचे. एखादा काळा ठिपका, एक बुडबुडा, किंवा शेवटच्या भाजणीला तडा गेला की अख्खं डायल फेकून द्यायचं. गुजरीत दागिन्यावर मिना भरणारा कारागीर बघितला असेल तर तीच विद्या आहे ही, फक्त इथं सपाट पांढऱ्या रंगावर चूक लपवायला जागा नसते. स्वित्झर्लंडमध्ये ल लोक्ल गावात डोंझे काद्रां नावाची फक्त इनॅमलची डायलं करणारी वर्कशॉप आहे, ती २०११ साली युलिस नार्दँ कंपनीनं सगळीच्या सगळी विकत घेतली, त्यावरनं समजा ह्या हातांची किंमत काय आहे ती.

त्याच ल लोक्लची बर्जॉन कंपनी, तिचे स्क्रूड्रायव्हर आबांनी मुंबईहून एकेक करून आणले होते. पिवळ्या रिंगचा ०.८० मिलिमीटर पात्याचा आणि काळ्या रिंगचा १ मिलिमीटरचा, हे दोन मी अजून वापरतो. पाती झिजली की दगडावर घासून परत धार लावायची, स्क्रूच्या खाचेत पातं गच्च बसलं पाहिजे, सैल पात्यानं फिरवलं की खाच खाल्ली जाते आणि पुढचा माणूस त्या खाल्लेल्या खाचेवरनं तुमची लायकी ओळखतो. नवीन शिकणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो की मोबाईलच्या दुकानातला वीस तुकड्यांचा सेट घेऊ नका, दोनच घ्या पण चांगले घ्या.

आणि तिसरं हत्यार म्हणजे आबांची वही. घड्याळ फळीवर आलं की आधी वहीत डायलचा गोल काढायचा, भिंग लावून बघायचं आणि जिथं ओरखडा, डाग, चीर असेल तिथं लाल पेन्सिलीनं खूण करायची, मग गिऱ्हाइकाची सही. त्याआधी घड्याळाचं झाकण उघडायचं नाही. आबा म्हणायचे, "उघडलं की ते तुझं पाप झालं."

तर २००९ ला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचं घड्याळ आलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, गिऱ्हाइकाची वस्तू आहे, पण इनॅमलचं पांढरं डायल, रोमन आकडे, आगीवर निळे केलेले काटे. असं घड्याळ वर्षाला एखादंच येतं. घड्याळ मागं पडत होतं. ड्रायव्हर घेऊन आलेला. मी भिंग लावलं तर चार आणि पाचच्या मधे, कडेपासनं आत तीन मिलिमीटर, केसाएवढी चीर. लाल खूण केली, ड्रायव्हरला भिंगातनं दाखवली, त्याची सही घेतली. आतनं बघितलं तर त्याच बाजूचा डायलचा स्क्रू खाल्लेला. डायलच्या मागं तांब्याचे दोन पाय असतात, ते बाजूच्या बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. कुणीतरी स्क्रू पुरता सैल न करता डायल उपसलं होतं, तांबं वाकलं आणि काच काय वाकत नाही, ती तडकली. तेही लिहून ठेवलं. सर्व्हिसिंग करून घड्याळ दिलं, चाल मोजायच्या टायमिंग मशीनवर झकास चालत होतं.

चार महिन्यांनी मालक पट्टा घ्यायला एका नव्या चकाचक शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसानं भिंगातनं बघून सांगितलं, डायल फोडलंय, गुजरीवाल्यानं फोडलंय. आमची वही बघितली नाही, एक फोन केला नाही. आठवड्यात वकिलाची नोटीस, सहा लाखांची भरपाई. त्याहून वाईट म्हणजे गावभर झालं. फाउंड्रीवाले, बिल्डर, सगळी एकमेकांच्या बैठकीतली माणसं, महिन्याभरात भारी घड्याळं यायची बंद झाली. दोन कारागीर होते त्यातला एक गेला, आणि गेला कुठं तर त्याच शोरूममध्ये, ज्याला आबांनी चिमटा कसा धरायचा तिथपासनं शिकवलं होतं. सौ.च्या पाटल्या गहाण पडल्या. मी मालकांच्या ऑफिसात वही घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा बाहेरच बसवून ठेवलं. म्हणे सही तर ड्रायव्हरची आहे, मालकांची कुठाय.

तेव्हा उभे राहिले ते आमचे डॉक्टर. डोळ्यांचे डॉक्टर, आबांच्या वेळेपासनं दर खंडेनवमीला आजोबांचं खिशातलं घड्याळ घेऊन येतात, आम्ही हत्यारांची पूजा मांडलेली असते त्यात तेही ठेवतो, दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंगला घेतो. त्यांनी मालकांना स्वतः फोन करून घड्याळासकट दवाखान्यात बोलावलं, मलाही वहीसकट. डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पपुढं घड्याळ धरलं. त्या मशीनचा उजेड पट्टीसारखा तिरका पडतो, साध्या लॅम्पखाली जी चीर नुसती रेघ दिसते तिची खोली दिसायला लागते. डॉक्टर म्हणाले, "या साहेब, तुम्हीच बघा. ह्या फटीत तपकिरी मळ बसलाय. ही काय चार महिन्यांची जखम नव्हे." मग वहीतला गोल शेजारी ठेवला. चार आणि पाचच्या मधे लाल खूण, तारीख, सही.

मालक गप्पच. तेवढ्यात दारात उभा असलेला ड्रायव्हर बोलला, "मालक, मला त्यांनी दाखवली होती ती रेघ. सांगायचं राहून गेलं माझ्याकडनं." त्या माणसाची नोकरी जाऊ शकली असती, तरी बोलला, मी ते विसरणार नाही.

नोटीस मागं घेतली गेली. पण सॉरी कुणी म्हणालं नाही, मालक नाहीत, शोरूमवाला तर नाहीच. फोडलं म्हणून गावभर झालं, फोडलं नव्हतं हे फक्त त्या खोलीतल्या चौघांना कळलं. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं आजोबा-पणजोबांचं असं घड्याळ असेल तर सांगतो, डायल साबणानं, टूथपेस्टनं काही पुसायला जाऊ नका आणि कंपनांनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर कुणाला घालू देऊ नका. इनॅमलचा रंग शंभर वर्षं उतरत नाही, त्याला चकाकी आणायची गरजच नसते. नवीन घेताना नुसतं इनॅमल लिहिलंय म्हणून भुलू नका, बऱ्याच स्वस्त डायलवर भट्टी न बघितलेलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर असतो, तिरकं धरून मधल्या भोकाच्या कडेला बघा, खरी काच तिथं जराशी गोलावून उतरते. दुकानात दिलंत तर पावतीवर डायलची अवस्था लिहून घ्या, दुकानदार कंटाळला तर दुसरीकडं जा.

गेल्या वर्षी त्या मालकांचा मुलगा तेच घड्याळ घेऊन आला. त्याला मागचं काही माहीत नव्हतं, मीही काढलं नाही. वहीत गोल काढला, भिंग लावलं, चीर मोजली. तीनच मिलिमीटर. लाल खूण केली, भिंग त्याच्या हातात देऊन त्यालाच बघायला लावलं आणि सही त्याची स्वतःची घेतली.