कॅम्परचा गॅस हीटर पेटत नव्हता – माझा अनुभव

आमच्या ट्रॅव्हलरचा (मिनीबसचा) कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतलाय, त्यात बाकाखाली प्रोपेन गॅसवर चालणारा फर्नेस म्हणजे हीटर आहे, अमेरिकेत आरव्हीमध्ये (तिकडच्या अशाच राहायच्या गाड्यांत) असतो तोच, यांच्या मामेभावाने तिकडून सामानात पाठवलेला. ठाण्यात हीटर कशाला हे सगळ्यांचं विचारून झालंय त्यामुळे ते सोडा, आम्हाला स्पितीला जायचं होतं. कासारवडवलीला मोकळ्या प्लॉटवर पावसाळाभर गाडी उभी होती, ऑक्टोबरमध्ये दिराला घेऊन तपासायला गेले.

पहिली गंमत म्हणजे तो चालूच होईना. गाडीत ३५ डिग्री आणि थर्मोस्टॅटचा काटा ३२ च्या पुढे जात नाही, म्हणजे त्याच्या हिशोबाने थंडी नाहीच मग तो हीटरला सांगणार काय. थर्मोस्टॅटच्या मागच्या दोन वायरी (१२ व्होल्टच्याच असतात) काढून एकमेकींना जोडल्या की लगेच पंखा सुरू. पण नुसताच पंखा, घों घों करत बसला, ना टिकटिक ना गरम हवा.

बसवून देणाऱ्याला फोन लावला तर म्हणे बोर्ड (हीटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला असणार, बाहेरून मागवा. न बघता बोर्ड गेला म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, वागळे इस्टेटला पॅनल वायरिंगचं काम केलंय मी, तिथे सुद्धा दहातले आठ "गेलेले" बोर्ड ठणठणीत निघायचे.

या फर्नेसचं काम ठरलेल्या क्रमाने चालतं, त्यामुळे नुसता कान देऊन ऐकलं तरी कुठे अडलंय ते बरंच कळतं. आधी पंखा. पंख्याच्या हवेने आतली एक पातळ पत्र्याची पट्टी ढकलली जाते आणि स्विच लागतो, त्याला सेल स्विच म्हणतात. तो लागला की मगच बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी देतो, टिक टिक टिक. ज्योत लागलीये हे बोर्डला कळलं तर ठीक, नाहीतर सात-आठ सेकंदांत गॅस बंद, आणि बहुतेक बोर्ड तीनदा बघून मग गप्प बसतात. आमच्याकडे टिकटिक नव्हती, म्हणजे गाडी सेल स्विचपाशीच अडलेली.

सेल स्विच काढून बघितला, पट्टी मोकळी हलत होती. मग मल्टीमीटर घेतला. पंखा चालू असताना बॅटरीवर १२.२ आणि फर्नेसच्या टर्मिनलला १०.४! पंखा बंद करून मोजलं तर दोन्हीकडे सारखंच दिसतं, त्यामुळे लोड चालू ठेवूनच मोजायचं हे लक्षात ठेवा. व्होल्टेज कमी की पंखा हळू, पंखा हळू की पट्टी पुरती ढकलली जात नाही. मागे बारीक दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढलेली आणि एका लगचं, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवतात त्या जोडाचं, प्लास्टिक काळं पडलेलं. भाऊजी स्टेशनजवळच्या दुकानातून सहा स्क्वेअरची वायर घेऊन आले, नवीन लग क्रिम्प केले, मोजलं तर ११.८.

आता टिकटिक आली पण ज्योत काही टिकेना, भप्प करून लागायची की विझायची. "वहिनी, सिलेंडर संपला असेल," हे भाऊजींचं. पाच किलोचा नवाकोरा छोटू होता. प्रेशरचाही प्रश्न नव्हता, आपल्या घरगुती रेग्युलेटरचं प्रेशर साधारण ३० मिलिबार आणि या फर्नेसला लागतं २८ च्या आसपास. साबणाच्या पाण्याने सगळे जॉइंट बघितले, बुडबुडा नाही.

मग बाहेरच्या बाजूची जाळीदार झाकणी उघडली. तिथे एकात एक दोन नळ्या असतात, एकीतून ज्योतीला हवा जाते आणि दुसरीतून धूर बाहेर. टॉर्च मारला तर धुराच्या नळीत चिखलाचा गोळा, कुंभारणीने (मातीचं घर करणाऱ्या माशीने) घर केलं होतं! वाकड्या तारेने हळूहळू उकरून काढलं, फुटलं तर आत वाळलेले बारीक कोळी ठासून भरलेले, पिल्लांना खायला ठेवते ती. भाऊजी तीन पावलं मागे. व्हॅक्यूमने माती ओढून घेतली आणि परत चालू केलं तर टिक टिक, भप्प, आणि गरम हवेचा झोतच, ऑक्टोबर हीटमध्ये घामाने निथळत आम्ही दोघं टाळ्या वाजवतोय, वॉचमन बघतोय.

एक मात्र सांगते, ही नळी तुंबलेली असताना हीटर पेटवून गाडीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म लावूनच झोपायचं. आणि थंडीत जाणार असाल तर आपल्या सिलेंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेन पण असतो, तो शून्याच्या आसपास वायू व्हायचंच सोडतो, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत दम धरतो. त्यात प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाला ब्युटेन उरतो, म्हणून अर्धा सिलेंडर घेऊन वर जाण्यात अर्थ नाही.

नळीला बारीक जाळी लावूया असं भाऊजींचं चाललं होतं पण कंपनीच्या मॅन्युअलमध्येच जाळी लावू नका असं लिहिलंय, ती तुंबते. त्यामुळे गाडी उभी असताना कापडाचा बोळा घालते, त्याला लांब लाल फीत बांधलीये, फितीचं दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन थर्मोस्टॅटला.