मनाली ते काझा मोटरसायकलवर: थोडक्यात वाचलो, तुम्ही सकाळी निघा

निकाल आधी सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. मनालीहून हिमाचलच्याच स्पिती खोऱ्यातल्या काझाला जाताना लागणारा ग्रांफू ते बातल हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा दुपारी एकनंतर मोटरसायकलवर करू नका. गाडी कुठली, टायर कुठले, तुम्ही सह्याद्रीतले किती घाट पावसात काढलेत, याला तिथे काडीची किंमत नाही. किंमत आहे ती घड्याळाला.

मनालीत ज्या दुकानातून आम्ही गाड्या भाड्याने घेतल्या, तिथल्या माणसाला मी स्पष्ट विचारलं होतं की रस्त्यावरून वाहणाऱ्या डोंगरी नाल्यांना पाणी किती आहे. तो म्हणाला, "सर, रोड बन गया है. आराम से जाओ. तीन घंटे में बातल." शेजारी चहा पीत बसलेल्या त्याच्या मित्रानेही मान डोलावली. गाड्या सकाळी आठला देतो म्हणाला होता, दिल्या साडेदहाला. एका गाडीचे ब्रेक शू बदलायचे राहिले होते म्हणे. तेही आमच्याच भल्यासाठी!

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. सीमाभागातले रस्ते बांधणाऱ्या बीआरओचं काम जोरात चालू आहे, काही तुकडे खरंच रुंद आणि सपाट झालेत. पण रस्ता होणं वेगळं आणि नाल्यावर पूल होणं वेगळं. नाला आला की डांबर, खडी, सपाटीकरण सगळं संपतं आणि पाण्याखाली फुटबॉलएवढे गोटे उरतात. शिवाय एकदा जेसीबी फिरून गेला की कालचा उतार आज तिथे नसतो. म्हणून दोन आठवड्यांपूर्वीचा व्हिडिओ बघून कोणी "काही नाही रे" म्हणालं तर ऐकू नका.

आता बोगद्याबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे. रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात खुला झाला. नऊ किलोमीटर, झकास रस्ता. पूर्वी रोहतांग चढायचा म्हणून लोक पहाटे चारला मनाली सोडायचे, त्यामुळे पुढचे नाले आपोआप सकाळी लागायचे. आता बोगद्याने काही तास वाचतात, म्हणून लोक नाश्ता करून, फोटो काढून, दहा-अकराला निघतात. बोगद्यातून बाहेर पडलं की उजवीकडे कोकसर, तिथे जेवण, मग ग्रांफू. म्हणजे छत्रूच्या पुढे बरोबर दुपारी तीन-चारला. वरच्या हिमनद्यांवर दिवसभर ऊन पडून वितळलेलं पाणी खाली यायची हीच वेळ. सकाळी सातला जिथे घोटा बुडतो तिथे चारला गुडघ्याच्या वर पाणी असतं, आणि तेही ढकलणारं. ऊन जितकं छान, नाला तितका वाईट. आमच्या दिवशी आभाळ निळंशार होतं आणि आम्ही मूर्खासारखे खूश होतो. तसं कोणी सांगितलंच नव्हतं ना!

छत्रूला पूल ओलांडला की चंद्रा नदी उजव्या हाताला राहते आणि डोंगर डावीकडे. नाले डावीकडून उतरतात, रस्ता कापतात आणि उजवीकडे खाली नदीत पडतात. म्हणजे पाणी तुम्हाला नेहमी दरीच्याच बाजूला ढकलतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पाण्यात शिरल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

छोटा दडाच्या अलीकडच्या एका नाल्यात मी पुढे होतो. पहिला गिअर, अर्धा क्लच, नजर पलीकडच्या काठावर. डुलत डुलत निघालो, बुटात पाणी, बाकी काही नाही. गाडी लावून मागे बघतो तर मेहुणा मधोमध. त्याचं पुढचं चाक एका गोट्यावर चढलं, हँडल वळलं आणि गाडी उजवीकडे आडवी. त्याचा पाय खाली. हेल्मेटमधून एकच आवाज आला, "दाजी, पाय!"

पुढचं मिनिट-दीड मिनिट मला नीट सांगता येत नाही. गाडी सरकत होती, हे मात्र स्पष्ट आठवतं. पाणी टाकीवर आपटत होतं आणि गाडी त्याच्या पायासकट इंच इंच काठाकडे जात होती. काठापासून हातभर अलीकडे एक मोठा दगड होता, त्याला क्रॅश गार्ड अडकला आणि गाडी थांबली. बस. त्या दगडाने गाडी थांबवली. मी तोवर पाण्यात कंबरेइतका वाकलो होतो आणि गाडी तसूभरही उचलू शकत नव्हतो. बर्फाचं पाणी आहे, अर्ध्या मिनिटात बोटं काम करेनाशी होतात.

वरच्या वळणावर बीआरओचे मजूर काम करत होते. त्यांनी बघितलं आणि धावत आले. पाच-सहा पोरं, झारखंडच्या दुमकाकडची. या सगळ्या पट्ट्यात रस्त्यावर राबणारी बरीचशी माणसं तिकडचीच आहेत. दोघांनी मेहुण्याला काखेतून धरलं, बाकीच्यांनी गाडी उभी केली. पाय शाबूत. घोट्याला सूज, नडगीवर साल गेलेली. बूट उंच आणि कडक होते म्हणून हाड वाचलं. ट्रेकिंगचे बूट घालून येणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

दुसरं नशीब लगेच. मेहुण्याचा अंगठा सवयीने सेल्फकडे गेला. एक मजूर ओरडला, "स्टार्ट मत करना!" इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टनवरचं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी ट्रकवर, आणि दुकानदाराचं बिल तुमच्या डोक्यावर. तो पोरगा दिवसभर तिथे गाड्या पडताना बघतो, त्याला हे माहीत होतं. गाडी पाण्यात बंद पडली तर किल स्विच बंद करा, गाडी बाहेर काढा, एअर फिल्टर काढून झटका, स्पार्क प्लग काढा आणि मगच सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून कारंजं उडतं. ते उडायचं थांबेपर्यंत मारत राहा. प्लगचा पाना टूलकिटमध्ये आहे का, हे मनालीत बघून घ्या. आमच्यात नव्हता.

पाना नसल्यामुळे पुढचा तमाशा झाला. मनालीकडे चाललेला एक रिकामा पिकअप थांबला. चालक म्हणाला, गाडी चढवतो, मनालीपर्यंत वीस हजार. वीस! मी म्हटलं आठ देतो. तो म्हणाला, "रात को यहीं सोओ फिर." आणि सिगारेट पेटवून बसला, कारण त्याला ठाऊक होतं की मोबाइलला रेंज नाही आणि ऊन कलतंय. सतरावर आला होता, मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात काझाकडे सामान नेणारा एक ट्रक मागे येऊन उभा राहिला. सरदारजी उतरले, काही न विचारता आपला पाना आणला, प्लग काढला, पाणी उडवलं, फिल्टर झटकला आणि चाळीस मिनिटांत गाडी खाकरत चालू केली. पैसे विचारले तर हात हलवला. पिकअपवाला मधेच निघून गेला होता. त्यामुळे सल्ला असा: पहिल्या पिकअपला हो म्हणू नका. या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत ट्रक येतोच आणि ट्रकवाल्याकडे पाना असतोच.

गमबूट. मनालीत भाड्याने मिळतात, दुकानदार गळ्यात मारतात. घेऊ नका. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की बूट भरतो आणि पाय उचलत नाही. ओले बूट परवडले. मागे कोणी बसलं असेल तर त्याला नाल्याआधी उतरवा आणि चालत पाठवा, तेवढ्यात पाण्याची खोलीही कळते. वाटेत कोणी नसेल तर एखादी जीप येईपर्यंत थांबा, तिची चाकं कुठून जातात ते बघा आणि मग शिरा. ट्रकच्या लगोलग मागे मात्र जाऊ नका, त्याच्या लाटेत गोटे हलतात.

पुढचे दोन नाले ट्रकच्या उजेडात, त्याच्या आडोशाने काढले. बातलला दगडी ढाब्यात राजमा-चावल आणि चार रजया. बरं होतं. चंद्रताल तलावाला त्याच दिवशी पोचायचा बेत कोणी सांगितला तर त्याला मनालीतच सोडून या. मनाली दोन हजार मीटरवर, तलाव सव्वाचार हजारांच्या वर. एका दिवसात तिथे जाऊन तंबूत झोपलात तर रात्रभर डोकं धरून बसाल. आणि हवा फिरली तर बाहेर पडायचा रस्ता तोच एक. 2023 च्या जुलैत तिथे बर्फ पडून सुमारे 300 माणसं अडकली होती, त्यांना बाहेर काढायला प्रशासनाला काही दिवस लागले. तलाव सुंदर आहे, दुसऱ्या सकाळी बातलहून जाऊन या.

कुंझुम खिंडीत देवीचं मंदिर आहे, येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्याला प्रदक्षिणा घालते. तिथल्या शिळेवर नाणं दाबून चिकटलं तर मनातलं खरं होतं म्हणतात. मेहुण्याचं चिकटलं, माझं घसरलं. त्याने पुढचा तासभर मला ऐकवलं. लोसरच्या चौकीसमोर त्याचीच क्लच वायर तुटली. आता हेही नशीबच म्हणायचं, कारण तीच वायर अर्ध्या तासापूर्वी खिंडीच्या उतारावर तुटली असती तर मी हे हसत लिहीत नसतो. जास्तीची वायर जुन्या वायरीच्या बाजूनेच आधीपासून ओवून ठेवा, म्हणजे रस्त्यावर दहा मिनिटांचं काम होतं. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 असेल तर लक्षात ठेवा की तिची चाकं तारांची आणि टायर ट्यूबवाले आहेत. ट्यूबलेसचं पंक्चर किट तिथे शोभेलाच. पुढची ट्यूब 21 इंची, मागची 17, दोन्ही सोबत हव्यात. काझाला मिळेल असं धरून चालू नका.

पेट्रोल मनालीत टाकी फुल करा. काझापर्यंतच्या दोनशे किलोमीटरमध्ये पंप नाही, पण हिमालयनची पंधरा लिटरची टाकी सहज पुरते. मागे कॅन बांधायची फॅशन आहे, नाल्यात ते वजन एका बाजूला ओढतं. काझात गाडीचं ऑइल बघितलं तर चहाच्या रंगाचं झालेलं, म्हणजे पाणी मिसळलेलं. लगेच बदललं. तुमचं इंजिन पाण्यात बुडालं असेल तर हे टाळू नका, मग पुढे की गावचा गोंपा (बौद्ध मठ), हिक्किमचं पोस्ट वगैरे सगळं बघा. ते सोपं आहे, त्याच्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

परतीला आम्ही ग्रांफूचं नावही काढलं नाही. ताबो, नाको, किन्नौर करत खाली आलो आणि जलोडी खिंडीतून मनालीच्या रस्त्यावरच्या औटला उतरलो. खरं तर सगळ्यांनी उलटंच करावं: सिमल्याहून किन्नौरमार्गे हळूहळू चढत काझाला जा, अंगाला उंची मानवते, आणि शेवटी बातलला मुक्काम करून पहाटे साडेपाच-सहाला ग्रांफूकडे सुटा. नाले झोपलेले असताना कोकसरला नाश्ता.

किन्नौरचा रस्ता चांगला आहे, म्हणून तिथे माणूस गाफील होतो. स्पिलोच्या आसपास एका वळणावर मेंढपाळाचा कळप रस्ता अडवून चालला होता. मी हॉर्न वाजवून कंटाळलो. कळप बाजूला व्हायला पाच-सात मिनिटं गेली असतील. शंभरेक मीटर पुढे वळलो तर रस्त्यावर ताजी माती आणि मोटरसायकलच्या टाकीएवढे दोन दगड, धूळ अजून खाली बसत होती. समोरून आलेला बोलेरोवाला खाली उतरून नुसता उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. 2021 च्या ऑगस्टमध्ये याच महामार्गावर निगुलसरीला दरड एसटीवर कोसळली आणि 28 माणसं गेली. भर दुपारी, चालत्या रस्त्यावर. हॉर्न मी परत वाजवला नाही.

इथला एक नियम स्थानिक चालकांकडून कळला तो लिहून ठेवा. वर उतारावर शेळ्या-मेंढ्या चरताना दिसल्या की त्यांच्या खालून जाऊ नका. त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. वर बघा, कळप पुढे सरकू द्या आणि मग एका दमात निघा. "शूटिंग स्टोन्स", म्हणजे वरून दगड पडतात, असा बोर्ड दिसला की फोटोसाठी थांबणाऱ्यांना काय म्हणावं?

आता पुन्हा मनाली. दुकानदाराने गाडी बघितली, क्रॅश गार्ड वाकलेला, आणि अनामतीच्या वर चौदा हजारांचं "इंजिन में पानी" बिल काढलं. ऑइल बदलल्याची काझाची पावती दाखवली तर म्हणाला, वो कच्ची है. आम्ही निघताना गाडीचा व्हिडिओ काढला होता आणि त्यात त्याचाच आवाज होता, "रोड बन गया है, आराम से जाओ." तो दोनदा मोठ्याने लावला. दुकानात दोन बंगळुरूची पोरं गाडी ठरवत होती, त्यांनी कान टवकारले. मग एकदम क्रॅश गार्डचे अडीच हजार आणि विषय बंद. तेव्हा गाडी घेताना व्हिडिओ काढा, तोही दुकानदाराला बोलता ठेवून. पाण्याने झालेलं नुकसान कोणाच्या माथी, हे कागदावर लिहून घ्या. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या, सकाळी देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा.